‘गॅस्ट्रो’ लिहून भागत नाही

वऱ्हाडात लेकरांच्या हगवणीचा विषय निघाला आणि कुणी ‘पण नेमका जंतू कोणता?’ असं विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं. ते देणारी माणसं बेफिकीर नसतात. आदिवासी भागात उमेदीची वर्षं घालवलेले डॉक्टर ते देतात, पाण्यासाठी मोर्चे काढणारे कार्यकर्ते देतात, जिल्हा परिषदेतले समंजस अधिकारीही देतात. म्हणणं असं, की जंतू कोणताही असो, उपचार तोच, ओआरएस आणि झिंक. कारणही सगळ्यांना ठाऊक आहे, घाण पाणी. मग लेकरांची विष्ठा डब्यांत भरून तिच्यातल्या शेकडो जिवाणूंची यादी करण्यात पैसा का घालवायचा? तेवढ्यात गावोगाव पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर पोचेल. आणि हे संशोधन तरी कुणासाठी? निबंध परदेशी विद्यापीठांचे, विष्ठा गरिबाच्या लेकरांची. शेवटी गाडगेबाबांचं नाव निघतं. शेंडगावच्या या माणसाने सूक्ष्मदर्शक न लावता गावं झाडून काढली, मग आपल्यालाच प्रयोगशाळा कशाला हवी?

यातली कळकळ खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. खाटेवरच्या एका लेकराला जे पुरतं ते जिल्ह्यालाही पुरतं, असं या म्हणण्यात गृहीत धरलेलं आहे. डॉक्टरपुढे एक मूल असतं आणि ते आज वाचवायचं असतं. जिल्ह्यापुढे पुढच्या वर्षीची हजारो मुलं असतात आणि ती आजारीच पडू नयेत हे बघायचं असतं. पहिल्या कामाला जंतूचं नाव बहुतेक वेळा लागत नाही. दुसरं काम त्याच्याशिवाय होत नाही.

ओआरएसपासूनच सुरुवात करू, कारण विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं. ३० टक्क्यांपर्यंत गेलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. प्रत्येक रुग्णाच्या कल्चरची वाट बघत बसले असते तर माणसं मेली असती, हे उघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या हगवण झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांनाच ओआरएस मिळाल्याचं दिसतं आणि झिंक तर ३०.५ टक्क्यांनाच. दहातली चार लेकरं एका पाकिटाविना राहिली, ही लाज वाटण्याचीच गोष्ट आहे.

पण हे पाकीट कुठून आलं? फार काळ वैद्यकाची समजूत अशी होती की कॉलऱ्यात आतड्याचं अस्तर सोलून निघतं, त्यामुळे तोंडाने दिलेलं काही अंगी लागणारच नाही. १९५९ साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी दाखवलं, की हा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषाने आतड्यात पाणी सुटतं. अस्तर शाबूत राहतं, हेही त्याच काळात स्पष्ट झालं. १९६०मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी साखरेबरोबर सोडियम आतड्यातून आत शिरतं हे मांडलं. या दोन गोष्टी जुळल्या तेव्हा तोंडाने पाणी देण्याला शास्त्राचा आधार मिळाला. एक विशिष्ट जंतू नेमकं काय करतो हे कुणीतरी चिकाटीने शोधलं, म्हणून आज ‘जंतू कोणताही असो’ म्हणण्याची सोय झाली आहे. त्या सोयीवर उभं राहून शोधालाच नावं ठेवणं बरं दिसत नाही.

बरं, प्रयोगशाळेमुळे ओआरएस अडलंय असंही नाही. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून जास्त खाजगी वैद्यकीय व्यावसायिकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२४मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. ओआरएस न देण्याचं सर्वांत मोठं कारण त्यात असं निघालं, की आईबापांना ते नको असतं, अशी देणाऱ्याची समजूत असते. म्हणून तो अँटिबायोटिकची बाटली देतो. जंतूबद्दलचं अज्ञान नेमकं इथे महाग पडतं. हगवणीत रक्त पडत असेल तर बहुधा शिगेला असतो आणि तिथे अँटिबायोटिक लागतंच. कोणतं लागू पडेल, हे मात्र त्या भागातल्या शिगेलाने कशाकशाला दाद देणं सोडलंय यावर ठरतं. ही माहिती स्थानिक नमुन्यांतूनच येते. रक्त नसलेल्या पाण्यासारख्या हगवणीत चित्र उलट आहे. भारतासह सात देशांतल्या आठ हजारांवर मुलांना अझिथ्रोमायसिन देऊन पाहिलेल्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. तिचा निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही अकोल्यात काय, परतवाड्यात काय, हगवणीच्या पहिल्याच दिवशी दोन औषधांचं मिश्रण असलेलं गोड सिरप मुलाच्या पोटात जातं. उपचार ‘तोच’ आहे हे कागदावर. बाजारात अंधारात मारलेला दगड आहे.

आता पाणी. जुलै २०२२मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी इथे काय झालं ते वऱ्हाड विसरलेलं नसावं. वीजबिल थकल्यामुळे नळयोजना बंद पडली होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते, असं तेव्हा पुढे आलं. आरोग्य खात्याने त्या दिवसांत अमरावती जिल्ह्यात १८१ रुग्ण आणि ५ मृत्यू सांगितले. ‘पाणी स्वच्छ असतं तर हे घडलं नसतं’ असं कुणी म्हटलं तर मी त्याच्या बाजूने उभा आहे.

पण त्या घटनेची पुढची बाजू बघा. नमुने तपासले गेले आणि कॉलरा हे नाव पुढे आलं, तेव्हा ती राज्याची बातमी झाली. तोवर होता तो ‘गॅस्ट्रो’. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात गॅस्ट्रोची लागण होते, आरोग्य पथक येतं, विहिरीत पावडर पडते, आठवड्याने सगळं निवतं. गॅस्ट्रोला कुणी जबाबदार नसतं. तो पावसासारखा येतो आणि जातो. कॉलरा म्हटलं की विहीर कोणती, नळ कुणी बंद केला, पंप का थांबला हे विचारावं लागतं. त्या वेळी चिखलदऱ्याच्या डोंगरातल्या गावांबरोबर अमरावती तालुक्यातल्या नया अकोल्याचंही नाव यादीत होतं. डोंगरातला आणि मैदानातला जंतू एकाच वंशाचा की वेगळा, म्हणजे एकच साथ पसरली की दोन ठिकाणी दोन विहिरी बिघडल्या, हा प्रश्न नुसत्या लक्षणांवरून कधीच सुटत नाही. नाव न देणं स्वस्त पडतं ते यंत्रणेला. गावाला पडत नाही.

शिवाय ‘घाण पाणी’ हे एक कारण नाही. कॉलऱ्याचे लाखो जंतू पोटात जावे लागतात, म्हणून तो विहिरीतून, नळातून गावाला गाठतो. शिगेलाचे शंभराहून कमी जंतूही पुरतात. तो आईच्या हातावरून, ताटावरून, भावंडाच्या बोटावरून जातो. विहीर लख्ख असली तरी घरात हात धुण्याइतकं पाणी नसेल तर शिगेलाला काही फरक पडत नाही. रोटाव्हायरसने तर श्रीमंत-गरीब असा भेदच केला नाही. लस येण्याआधी, नळाचं पाणी बिनघोर पिणाऱ्या अमेरिकेतही जवळपास प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत त्याची लागण होत असे. आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी, जो वासरांच्या शेणातूनही येतो, तो आपण पाण्यात टाकतो तेवढ्या क्लोरीनने मरतच नाही. १९९३मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या पाण्यातून त्याने सुमारे ४ लाख लोकांना आजारी पाडलं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक मापात टीसीएल टाकत असेल, वहीत नोंद करत असेल, आणि तरी लेकरं आजारी पडत असतील, तर दोष त्याचा की जंतूचा? जंतू कोणता ते माहीत नसेल तर दोष त्या जलसुरक्षकाच्याच माथी येणार.

गाडगेबाबांचा दाखला देणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की त्यांचं कीर्तन निम्मं प्रश्नांचं असे. समोरच्याला विचारून विचारून ते त्याच्याच तोंडून उत्तर काढत. खराटा त्यांनी दिसणाऱ्या घाणीवर चालवला. न दिसणाऱ्या घाणीबद्दल प्रश्नच विचारू नका, असा उपदेश त्यांच्या नावावर खपवू नये.

खारपाणपट्ट्यात ही गोष्ट आणखी गुंतते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या नऊशेच्या आसपास गावांखालचं पाणी खारट आहे. दर्यापूरपासून तेल्हाऱ्यापर्यंत बाई पाण्याची पारख जिभेने करते, गोडं की खारं. गोडं पाणी धरणावरच्या प्रादेशिक योजनांतून येतं, तेही रोज नाही. मग ते टाकीत, माठात, प्लास्टिकच्या ड्रमात चार-चार दिवस साठतं आणि त्यात रोज हात बुडतात. जंतूला चव नसते. गोडं पाणी जिभेला गोड आणि लेकराच्या पोटाला कडू असू शकतं. अकोला शहरात काटेपूर्णेचं पाणी काही दिवसांआड सुटतं. अमरावतीत ऊर्ध्व वर्ध्याचं पाणीही चोवीस तास नसतं. रिकाम्या वाहिनीत दाब राहत नाही आणि फुटक्या जोडातून आसपासची नाली आत ओढली जाते. हुबळी-धारवाडमध्ये याची रीतसर तुलना झाली आहे. सतत पाणी असलेल्या वस्त्यांत नळाच्या ०.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय सापडला, खंडित पुरवठ्याच्या वस्त्यांत ३१.७ टक्के नमुन्यांत. त्याच शहरांतल्या मुलांमध्ये एकूण हगवणीत ठळक फरक दिसला नाही, पण गरीब घरांत रक्ताची हगवण सतत पाणी असलेल्या भागात कमी होती. हगवणीचे प्रकार वेगळे मोजले नसते तर ‘चोवीस तास पाणी देऊन काही उपयोग नाही’ असाच निष्कर्ष निघाला असता, आणि कुठल्याशा नगरसेवकाने तो आनंदाने वापरला असता.

पाणी-स्वच्छतेच्या बाजूच्या लोकांनी हे विशेष ध्यानात घ्यावं, कारण त्यांच्या उपायांच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल फारसे सुखाचे नाहीत. ओडिशात आणि मध्य प्रदेशात संडास बांधून झालेल्या चाचण्यांत मुलांची हगवण कमी झाली नाही. ते निकाल २०१४चे. २०१८मध्ये एकाच धर्तीच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. बांगलादेशात पाणी, साबण, संडास यांनी हगवण सुमारे एक तृतीयांशाने घटली, केनियात घटली नाही. एकच उपाय, दोन देश, दोन निकाल. याचा अर्थ स्वच्छता फुकट, असा मुळीच नाही. कुठल्या गावात कोणता जंतू कुठल्या वाटेने येतो हे न बघता एकच माप सगळ्यांना लावलं, की असं होतं.

ओळख पटवणं सोपं नाही, हेही सांगायला हवं. ई. कोलायचंच घ्या. थिओडोर एश्रिख यांनी १८८५मध्ये तो शोधला तोच तान्ह्या बाळांच्या विष्ठेत, आणि तो तुमच्या-माझ्या पोटातही आहे. रिपोर्टमध्ये नुसतं ‘ई. कोलाय’ लिहून आलं तर त्यातून काहीच कळत नाही. तो विष तयार करणारा आहे का, हे त्याची जनुकं तपासून ठरतं. २००७ ते २०११ या काळात आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी एक प्रचंड अभ्यास झाला. ९ हजारांवर आजारी मुलं आणि त्यांच्याच शेजारपाजारची १३ हजारांवर ठणठणीत मुलं त्यात होती. आजारी मुलांपैकी ८३ टक्क्यांत रोगजंतू सापडला, आणि निरोगी मुलांपैकी ७२ टक्क्यांत! म्हणजे नुसता जंतू सापडला म्हणून तोच दोषी असं म्हणता येत नाही. निरोगी मुलांशी तुलना केल्यावर चार नावं ठळक झाली: रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, विषारी ई. कोलायची एक जात आणि शिगेला. पुढे तेच नमुने जनुकीय पद्धतीने पुन्हा तपासले तेव्हा शिगेला पहिल्या नंबरवर गेला. या अभ्यासात भारतातलं ठिकाण एकच होतं, कोलकाता. गंगेच्या मुखाजवळच्या शहराचं उत्तर आपण धारणीच्या कोरकू पाड्याला आणि अकोटच्या खाऱ्या गावाला उसनं लावतो.

आता त्या ‘शेकडो जिवाणूंच्या याद्यां’कडे येऊ. २०१४मध्ये गांबिया, माली, केनिया आणि बांगलादेशातल्या ९९२ मुलांच्या विष्ठेतल्या सगळ्या जिवाणूंचा असाच एक पट मांडला गेला. ओळखीच्या गुन्हेगारांशिवाय स्ट्रेप्टोकोकस आणि ग्रॅन्युलिकॅटेला यांसारखे, आजवर संशयही न घेतलेले जिवाणू हगवणीशी जोडलेले दिसले. इथे माझाही हात आखडता आहे. हगवणीमुळे आतडं धुऊन निघालं की मागे राहणारे आणि आधी परतणारे जिवाणू कदाचित नुसते उपस्थित असतील. ज्याने त्यांना कारण म्हणून विकायला काढलं, त्याच्यापासून सावध राहिलं पाहिजे. ‘चांगल्या जंतूंच्या’ महागड्या कुप्यांचा धंदा याच घाईवर चालतो. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत अशा जिवाणूंनी हगवण झालेल्या मुलांना फायदा झाला नाही. दोन्हींचे निकाल २०१८चे. या बाबतीत विरोधकांशी माझं भांडण नाही. मजुरीच्या पैशातून अशी कुपी घेणाऱ्या बापाला ओआरएसचं पाकीट देणं केव्हाही चांगलं.

पण एका धंद्यावरून अख्खं शास्त्र मोडीत काढायचं का? याच याद्यांमधून एक वेगळी गोष्टही निघाली. संशोधक जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याचे तहमीद अहमद यांच्या गटांनी कुपोषित मुलांच्या आतड्यातले जिवाणू वयाच्या मानाने अपक्व राहतात हे दाखवलं, आणि मग त्या जिवाणूंना वाढवणारं अन्न शोधलं. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या मुलांवरच्या चाचणीचा निकाल २०२१मध्ये आला. नेहमीच्या पूरक आहारात उष्मांक जास्त होते, तरी या नव्या आहारावरच्या मुलांचं वजन अधिक चांगलं वाढलं. त्यात होतं काय? हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे आणि कच्ची केळी. हरभरा आणि सोयाबीन आपल्याच शिवारातले, केळी अंजनगाव सुर्जी-अकोटकडची. एका चाचणीवरून उद्याच अंगणवाडीचा आहार बदला, असं मी म्हणत नाही. पण ज्या शास्त्राला परदेशी चैन म्हणून हिणवतात, त्याचा निष्कर्ष आपल्या शेतात उभा आहे, आणि तो मेळघाटातल्या लेकरांना लागू पडतो का हे तपासायची इच्छाही आपण दाखवू नये?

‘विष्ठा आपली, निबंध त्यांचे’ हा आक्षेप मात्र जिव्हारी लागणारा आहे आणि बरोबर आहे. त्याचं उत्तर शोध थांबवण्यात नाही, इथे करण्यात आहे. रोटाव्हायरसच्या भारतीय लशीची कथा आठवावी. दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकात डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांना नवजात बाळांच्या विष्ठेत हा विषाणू सापडला, पण बाळांना काहीच त्रास नव्हता. निरोगी बाळाची विष्ठा कशाला तपासायची, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर? त्याच सौम्य वाणापासून लस झाली. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्यातल्या ६,७९९ बाळांवर तिची चाचणी झाली आणि पहिल्या वर्षात रोटाव्हायरसची गंभीर हगवण निम्म्याहून अधिक टळली. २०१९पासून महाराष्ट्रातल्या बाळांना सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस मिळते. मेळघाटातली आशाताई दीड महिन्याच्या बाळाला लशीसाठी घेऊन जाते, ते कुणीतरी बरणीत डोकावलं म्हणून.

मागणीही काही आभाळाला हात लावणारी नाही. रोग सर्वेक्षणाची यंत्रणा देशात २००४पासून आहे. तिचे तीन फॉर्म असतात. एस भरतो आरोग्य कर्मचारी, पी डॉक्टर आणि एल प्रयोगशाळा. हगवणीच्या बाबतीत हा तिसरा कागद भरला गेला पाहिजे. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात दाखल होणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांचे नमुने वर्षभर, बारा महिने, तपासले जावेत. उन्हाळ्यात एक जंतू असेल, थंडीत दुसरा. तुलनेसाठी त्याच गावांतल्या निरोगी मुलांचेही नमुने हवेत. मेळघाट, खारपाणपट्टा आणि शहर, अशा तिन्ही ठिकाणची आकडेवारी वेगळी मांडावी. अमरावती विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने या पट्ट्यातल्या पिण्याच्या पाण्यावर काम केलेलं आहे, ती माणसं इथलीच आहेत. पाण्यात विष्ठा मिसळली का, हे पाहायची साधी बाटली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने १९८२मध्येच दिली. पाणी भरून ठेवायचं. काळं पडलं तर दूषित. शाळेतली पोरंही ती वापरू शकतात. आणि नमुना घेताना आईची संमती तिच्या भाषेत, कोरकूत घ्यावी, निकाल तिच्या गावात वाचून दाखवावा. मग ‘दात येऊन राह्यले, म्हून पोट चाललं’ यावर सोडून दिलेली गोष्ट आईलाही विचारता येईल. सहाव्या महिन्यात दात येतात हे खरं, पण त्याच सुमाराला बाळ वरचं खाऊ लागतं, रांगू लागतं आणि जे हाती लागेल ते तोंडात घालतं.

ओआरएस हवं, झिंक हवं, टीसीएल हवी, चालता पंप आणि भरलेलं वीजबिल हवं. यातलं काहीही काढून प्रयोगशाळेला द्या, असं मी म्हटलेलं नाही. पण ज्यांना जंतूचं नाव फिजूल वाटतं, त्यांनी एका गोष्टीचं उत्तर द्यावं. लस आली, नळ आले, संडास झाले, पावडर पडली. पाच वर्षांनी हगवण कमी झाली तर यातल्या कशामुळे, आणि नाही झाली तर यातलं काय चुकलं, हे तुम्ही कशावरून सांगणार? स्वतःचा उपाय खरा ठरला हे सिद्ध करायलाही जंतूच मोजावा लागतो. ते मोजायला जो नकार देतो, त्याचा आपल्या उपायावर फार तर विश्वास असेल, पुरावा नाही. आणि वऱ्हाडाची लेकरं कुणाच्या नुसत्या विश्वासावर सोडता येणार नाहीत.